इंग्रजीतील ‘सेट’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमातून शिकून पुण्यात महाविद्यालयीन शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेले विद्यार्थी, तसेच इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणारे नवे अनुवादक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. शब्द अवघ्या तीन अक्षरांचा आहे. परंतु तो नेमका कोठे काय करतो, हे कळल्याशिवाय इंग्रजी वाचन अडखळत राहते आणि मराठी लेखनात ‘सेट करणे’ हे एकच क्रियापद बोकाळते. त्यातील दुसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटते.

एका शब्दासाठी एवढी चर्चा कशाला?

ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातील सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. तिच्यात ४३० अर्थ दिलेले होते आणि नोंदीचा विस्तार सुमारे ६०,००० शब्दांचा होता. म्हणजे एका मध्यम आकाराच्या पुस्तकाएवढा मजकूर या एका क्रियापदाने व्यापला होता. पुढे तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर ‘मेक’, ‘पुट’ आणि मग ‘रन’ या शब्दांच्या नोंदी तिच्यापेक्षा मोठ्या झाल्या. तरीही ‘सेट’चे महत्त्व कमी झालेले नाही, कारण त्याचे बहुतेक अर्थ रोजच्या वापरातले आहेत.

प्रत्येक अर्थ केव्हा आला आणि कशातून आला हे जुन्या लेखनातील उतारे देऊन दाखवणे, ही त्या कोशाची पद्धत आहे. आपल्या पुण्यातही त्याच ऐतिहासिक तत्त्वांवर डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचे काम १९४८ पासून चालू आहे. एका धातूचे अर्थ किती दूरवर पसरतात हे ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी त्या कोशाचा एखादा खंड जरूर चाळावा.

या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?

‘बसवणे’. जुन्या इंग्रजीत ‘सिटन’ म्हणजे बसणे आणि ‘सेटन’ म्हणजे बसायला लावणे, अशी जोडी होती. मराठीत ‘बसणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप ‘बसवणे’ होते, तेच नाते ‘सिट’ आणि ‘सेट’ यांच्यात आहे. या दोन्ही इंग्रजी शब्दांचे आणि संस्कृतातील ‘सद्’ या धातूचे मूळ एकच आहे. ‘सदन’, ‘संसद’, ‘परिषद’, ‘उपनिषद’ हे आपले शब्द याच धातूपासून आले आहेत, आणि पाखरांच्या घरट्याला आपण ‘नीड’ म्हणतो, त्याच्याही पोटात हाच धातू आहे.

हा मूळ अर्थ मनात पक्का ठेवला, तर पुढचे पुष्कळसे अर्थ आपोआप उलगडतात. एखादी वस्तू तिच्या जागी अशी ठेवणे की ती तेथे राहील किंवा कामाला तयार होईल, हा त्या सर्वांचा गाभा आहे. घड्याळ वेळेला बसवले, निखळलेले हाड सांध्यात बसवले, अंगठीत खडा बसवला, नियम बसवून दिला, ही सर्व उदाहरणे एकाच वाटेवरची आहेत.

मग दागिन्यांचा सेट किंवा कपबश्यांचा सेट यात बसवण्याचा अर्थ कोठे आहे?

तो तेथे नाहीच, आणि हा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. समूह या अर्थाचे ‘सेट’ हे नाम वेगळ्या घराण्यातले आहे. ते लॅटिनमधील ‘सेक्टा’ या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. ‘सेक्टा’ म्हणजे अनुयायांचा समूह, पंथ. त्याच्या मुळाशी ‘मागोमाग जाणे’ हा अर्थ आहे आणि आपल्या ‘सचिव’ शब्दातील ‘सच्’ या धातूशी त्याचे नाते लागते. इंग्रजीत आल्यावर दोन्ही शब्दांचा उच्चार आणि लेखन एकच झाले, त्यामुळे त्यांचे अर्थही एकमेकांत मिसळू लागले. आज कोशात एका ठिकाणी दिसणाऱ्या या शब्दाचे मूळ असे दुहेरी आहे.

लक्ष्मी रस्त्यावरील सराफी पेढीत मोत्यांचा सेट मागितला जातो, तेव्हा तन्मणी, कुडी आणि बांगड्या एकमेकींना शोभतील अशा घडवलेल्या असाव्यात, ही अपेक्षा असते. एकत्र असणे आणि एकमेकांना साजेसे असणे, या दोन्ही छटा त्या नामात आहेत. मराठीत यासाठी ‘संच’ हा चांगला शब्द आहे, आणि दातांच्या संपूर्ण कृत्रिम संचाला तर ‘कवळी’ असा स्वतंत्र शब्द आहे.

गणितातील ‘सेट’ हाच का?

होय, हेच नाम. पण गणिताने त्याच्यातून साजेसेपणाची अट काढून टाकली. राज्य मंडळाच्या नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात पहिलेच प्रकरण ‘संच’ हे आहे. तेथे एखादी गोष्ट त्या समूहात आहे की नाही हे निश्चित सांगता आले पाहिजे, एवढीच मागणी असते. घटकांचा क्रम बदलला तरी संच बदलत नाही आणि तोच घटक दोनदा लिहिला तरी संच तोच राहतो. कपबश्यांच्या सेटमधील एक बशी फुटली तर आपण सेट मोडला म्हणतो. गणितात एक घटक काढला तर उरतो तोही संचच, आणि सगळे घटक काढले तरी रिक्त संच शिल्लक राहतो. या विषयाचा पाया गेओर्ग कँटर या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घातला.

भूतकाळात ‘सेटेड’ असे रूप का होत नाही?

कारण हे क्रियापद वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भूतकालवाचक धातुसाधित या तिन्ही ठिकाणी तसेच राहते. ‘कट’, ‘पुट’, ‘लेट’, ‘हिट’, ‘शट’ हेही त्याच गटातले शब्द आहेत. या सर्वांचा शेवट ‘ट’ने होतो, जुन्या काळी भूतकाळाचा जो दंत्य प्रत्यय लागत असे, तो या शेवटच्या व्यंजनात विरून गेला. त्यामुळे वाक्य आजचे की कालचे, हे सभोवतालच्या शब्दांवरूनच ओळखावे लागते. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल आणि तरीही क्रियापदाला ‘स’ लागलेला नसेल, तर ते वाक्य भूतकाळातले आहे असे समजावे. ही खूण परीक्षेत फार उपयोगी पडते.

‘सिट’ आणि ‘सेट’ यांत विद्यार्थ्यांची गल्लत होते. ती कशी टाळावी?

‘सिट’ला कर्म लागत नाही, ‘सेट’ला बहुधा लागते. आपण स्वतः बसतो, आणि वस्तू बसवतो. अपवाद थोडे आहेत, पण महत्त्वाचे आहेत: सूर्य मावळणे, सिमेंट घट्ट होणे, दही लागणे. या ठिकाणी ‘सेट’ कर्माशिवाय येतो. उच्चाराच्या बाबतीत एवढेच सांगणे पुरे, की मराठीत आपण ‘से’ लांबवतो, तर इंग्रजीत तो ऱ्हस्व आहे. लांबवल्यास ऐकणाऱ्याला निराळाच शब्द ऐकू येण्याचा संभव असतो.

क्रियापदासाठी मराठीत एकच प्रतिशब्द का चालत नाही?

कारण मराठी क्रियापद निवडते ते कर्माकडे पाहून. इंग्रजीत ज्या ज्या ठिकाणी ‘सेट’ येतो, तेथे आपण गजर लावतो, सापळा लावतो, गाण्याला चाल लावतो, आग लावतो. पण प्रश्नपत्रिका काढतो, गृहपाठ देतो, विक्रम करतो, मुहूर्त धरतो, भाव ठरवतो, पायंडा पाडतो, उदाहरण घालून देतो, जेवणाची पाने मांडतो आणि कैद्याला मुक्त करतो. पाऊल ठेवणे, दृष्टीस पडणे, ध्यास घेणे हेही इंग्रजीत याच शब्दाने सांगितले जाते. फरक एवढाच, की त्याच्या शेजारी अनुक्रमे पाय, डोळे आणि हृदय हे शब्द असतात. आंबट कैरी खाल्ल्यावर दातांची जी अवस्था होते तिलाही इंग्रजीत ‘सेट’चाच आधार घ्यावा लागतो, आणि मराठीत मात्र ‘दात आंबले’ एवढ्या दोन शब्दांत काम होते.

ज्यांना ‘सेट’चा पसारा अनाकलनीय वाटतो, त्यांनी आपल्याच ‘लावणे’ या क्रियापदाचा विचार करावा. आपण दिवा लावतो, दार लावतो, कुलूप लावतो, झाड लावतो, विरजण लावतो, पैज लावतो, फोन लावतो, कुंकू लावतो, नादी लावतो. मराठी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला दिवा लावणे म्हणजे तो चालू करणे आणि दार लावणे म्हणजे ते बंद करणे, हे कसे पटवून द्यावे? आपल्याला मात्र त्यात काहीच अडचण वाटत नाही, कारण आपण ‘लावणे’ एकटे कधीच शिकलो नाही. दिव्यासह आणि दारासहच शिकलो. ‘सेट’ही तसाच, शेजारच्या शब्दासह शिकावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

सिमेंट ‘सेट’ होते, म्हणजे वाळते का?

नाही, आणि हा गैरसमज केवळ भाषेपुरता राहत नाही. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होते. पाणी उडून गेल्यामुळे नव्हे. म्हणूनच स्लॅब घट्ट झाल्यावरही त्यावर कित्येक दिवस पाणी मारावे लागते. बांधकामाच्या परिभाषेत ‘सेटिंग’ आणि ‘हार्डनिंग’ या दोन पायऱ्या वेगळ्या मानल्या जातात: पहिल्या पायरीत माल आपला ओलसर, हलवता येण्याजोगा स्वभाव सोडतो, आणि दुसरीत त्याला बळकटी येत जाते. साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी भारतीय मानकानुसार आरंभीची घट्ट होण्याची वेळ ३० मिनिटांपेक्षा कमी नसावी आणि अंतिम वेळ ६०० मिनिटांपेक्षा अधिक नसावी. सिमेंट फार लवकर घट्ट होऊ नये म्हणून त्यात दळतानाच जिप्सम मिसळलेले असते. माल कालवून उशीर झाला आणि तो आळू लागला, तर वरून पाणी घालून तो पुन्हा सैल करणे योग्य नव्हे, कारण त्यामुळे त्याची ताकद घटते.

दह्याचे ‘सेट’ होणे निराळ्या कारणाने घडते. विरजणातील जिवाणू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे दुधातील प्रथिनांचे जाळे बनते. भांडे मध्येच हलवले की ते जाळे मोडते, पाणी सुटते आणि कवडी पडत नाही. दही ‘लागते’, सिमेंट ‘घट्ट होते’, पाक ‘आळतो’, तूप ‘थिजते’, रक्त ‘गोठते’: मराठीने प्रत्येक पदार्थाचे घट्ट होणे वेगळे ओळखले आहे. ही संपत्ती असताना प्रत्येक ठिकाणी ‘सेट झाले’ म्हणणे हे आपलेच नुकसान आहे.

छपाईतील ‘सेटिंग’ म्हणजे काय?

खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षर शिशाच्या मिश्रधातूच्या एका तुकड्यावर उलटे, उठावात ओतलेले असे. जुळारी उभ्या घोडीवर ठेवलेल्या खणांच्या पेटीतून एकेक खिळा उचलून डाव्या हातातील पट्टीत रचत जाई. ओळ भरली की शब्दांमधील जागा कमीजास्त करून ती दोन्ही कडांना घट्ट बसवी. इंग्रजीचे काम तुलनेने थोड्या खिळ्यांत भागे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे शेकडो वेगवेगळे खिळे हाताशी ठेवावे लागत. ‘केसरी’ १८८१ मध्ये पुण्यात निघाला तो अशाच हाताने जुळवलेल्या अक्षरांतून. आज हे काम संगणकावर होते, तरी मराठी पुस्तकांच्या श्रेयनामावलीत ‘अक्षरजुळणी’ हा शब्द टिकून आहे. ‘टाइपसेटिंग’साठी याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

नाटक-चित्रपटातील सेट आणि ‘कादंबरी पुण्यात सेट आहे’ हे वाक्य यांचा संबंध काय?

रंगभूमीवरील सेटला मराठीत ‘नेपथ्य’ म्हणतात. संस्कृत नाटकांत हा शब्द पडद्यामागच्या, नटांनी वेशभूषा करण्याच्या जागेसाठी होता. मराठीत तो प्रेक्षकांना दिसणाऱ्या रचनेसाठी रूढ झाला. चित्रपटात मात्र ‘सेट’ हाच शब्द चालतो. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुरातून पुण्याला आली आणि तिच्या भव्य स्टुडिओत राजवाड्यांपासून देवळांपर्यंत अनेक सेट उभे राहिले. १९६० मध्ये त्याच आवारात चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

कथेच्या बाबतीत ‘सेट’ याचा अर्थ कथानक कोणत्या स्थळी आणि काळी घडते, असा आहे. ‘ही कादंबरी पुण्यात सेट आहे’ हे मराठी नव्हे. ‘या कादंबरीचे कथानक पुण्यात घडते’ असे लिहावे, किंवा ‘कादंबरीला पेशवाईच्या उत्तरकाळाची पार्श्वभूमी आहे’ असे लिहावे. पुस्तक परीक्षणांत ही चूक आता इतकी दिसते की तिच्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे.

खेळांत?

टेनिसमध्ये किमान दोन गेमच्या फरकाने सहा गेम जिंकणाऱ्याला सेट मिळतो. सहा-सहा अशी बरोबरी झाली की टायब्रेक होतो. पुण्यात बालेवाडीच्या संकुलात २०१८ पासून काही वर्षे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या एटीपी मालिकेतील स्पर्धा झाली, तेव्हा तीनपैकी दोन सेट जिंकणारा विजयी ठरत असे. बॅडमिंटनमध्ये आपण सर्रास सेट म्हणतो, पण नियमपुस्तकातील शब्द ‘गेम’ असा आहे, आणि तो २१ गुणांचा असतो. या खेळाचे आरंभीचे नियम १८७० च्या दशकात पुण्यातील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमध्ये आकाराला आले, म्हणून पुणेकरांनी तरी हा भेद पाळावा असे वाटते. व्हॉलीबॉलमध्ये सेट हा डावही आहे आणि स्मॅशसाठी चेंडू उंचावून देणे हेही आहे.

‘सेट’ला जोडून येणारी अव्यये कशी लक्षात ठेवावीत?

पाठ करण्यापेक्षा प्रसंग धरावेत. ‘सेट आउट’ म्हणजे निघणे. आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी निघते त्याला आपण ‘प्रस्थान’ म्हणतो, आणि इंग्रजी वृत्तपत्र तेथे हाच प्रयोग करते. म्हणणे मुद्देसूद मांडणे हाही त्याचा अर्थ आहे. ‘सेट ऑफ’ म्हणजेही निघणे, पण शिवाय फटाके उडवणे, धोक्याची घंटा वाजण्यास कारण होणे आणि एखाद्या रंगाला उठाव देणे. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, स्थापन करणे, दुकान किंवा संसार थाटणे. परंतु एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत तोच शब्द ‘डाव रचून अडकवणे’ असाही होतो. ‘सेट अबाउट’ म्हणजे कामाला लागणे.

‘सेट इन’ याकडे विशेष लक्ष द्यावे. जे एकदा आले की काही काळ मुक्काम करते, त्यासाठी हा प्रयोग आहे: थंडी, पावसाळा, कंटाळा, कुजण्याची क्रिया. मराठीत थंडी पडते, पाऊस लागतो, नैराश्य घेरते. याच कुळातील ‘ऑनसेट’ हे नाम हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकांत दरवर्षी दिसते. केरळात मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख १ जून धरली जाते, आणि तेथे ‘आगमन’ हा शब्द पूर्णपणे योग्य आहे.

न्यायालयाच्या आदेशातील ‘सेट असाइड’ म्हणजे निर्णय बाजूला ठेवला का?

येथे चूक महाग पडू शकते. रोजच्या इंग्रजीत ‘सेट असाइड’ म्हणजे बाजूला काढून ठेवणे, राखून ठेवणे. पगारातून दरमहा काही रक्कम बाजूला काढणे हे त्याचे साधे उदाहरण. कायद्याच्या भाषेत मात्र वरिष्ठ न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा आदेश ‘सेट असाइड’ केला, म्हणजे तो रद्दबातल ठरवला. ‘आदेश तूर्त बाजूला ठेवला’ असे भाषांतर केल्यास वाचणाऱ्याला ती स्थगिती वाटेल, आणि स्थगिती ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ मध्ये निवाडा रद्द करण्याची तरतूद याच शब्दांत आहे.

कायद्यातील ‘सेट ऑफ’ म्हणजे वजावट. दिवाणी दाव्यात प्रतिवादी आपले येणे वादीच्या मागणीतून वजा करून मागू शकतो. प्राप्तिकरात एका ठिकाणचा तोटा दुसऱ्या ठिकाणच्या नफ्यातून ठरलेल्या नियमांनुसार वजा होतो. आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ नुसार खटल्यापूर्वी व खटल्यादरम्यान भोगलेली कोठडी शिक्षेच्या मुदतीतून वजा केली जात असे.

‘सेटबॅक’चा अर्थ पीछेहाट की मोकळी जागा?

दोन्ही. बातमीत ती पीछेहाट किंवा धक्का असतो. बांधकाम नियमावलीत भूखंडाच्या हद्दीपासून इमारतीपर्यंत सोडायचे ‘सामासिक अंतर’ असते. गृहसंस्थेचे कागद वाचताना दुसरा अर्थ घ्यावा.

सेट परीक्षा, सेट दोसा आणि सेट-टॉप बॉक्स यांचे काय?

‘सेट’ परीक्षेच्या नावातील ‘सेट’ हा मुळात आपला हा शब्दच नव्हे; सहायक प्राध्यापक पदासाठी असलेल्या राज्यस्तरीय पात्रता चाचणीच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत, आणि महाराष्ट्र व गोव्यासाठी ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. सेट दोसा म्हणजे दोन किंवा तीन मऊ, जाडसर दोश्यांची एकत्र दिलेली ताटली. तेथे समूहवाचक नाम आहे. सेट-टॉप बॉक्समध्ये सेट म्हणजे दूरचित्रवाणी संच, ज्याच्यावर ती पेटी ठेवली जात असे.

‘सगळं सेट आहे’ आणि ‘सेटिंग लावली’ हे इंग्रजीत चालेल का?

पहिले बऱ्याच अंशी चालेल, कारण सिद्ध किंवा तयार या अर्थी ‘सेट’ हे विशेषण इंग्रजीत आहे. शर्यतीच्या आरंभीच्या इशाऱ्यातही तोच अर्थ आहे. ठरीव, न बदलणारे या अर्थीही हे विशेषण येते: ठरीव वेळ, ठरीव जेवण, ठाम झालेली मते. दुसरे मात्र चालणार नाही. वशिला किंवा अंतस्थ संधान या अर्थीची ‘सेटिंग’ ही आपल्याकडची निर्मिती आहे. इंग्रजी ऐकणाऱ्याला तेथे फोनमधील पर्यायांची यादी, अंगठीचे कोंदण किंवा कथेचे स्थळ आठवेल.

अपरिचित वाक्यात अर्थ कसा शोधावा?

प्रथम शब्द नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण, हे ठरवावे. क्रियापद असल्यास कर्म शोधावे, मग ‘सेट’च्या पुढे एखादे अव्यय आले आहे का ते पाहावे, आणि शेवटी मजकूर कोणत्या क्षेत्रातला आहे याचा विचार करावा. करवतीचा ‘सेट’ हे याचे चांगले उदाहरण आहे: करवतीचे दात आळीपाळीने किंचित डावीकडे व उजवीकडे वाकवलेले असतात, त्यामुळे लाकडातील चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते अडकत नाही. सुतारकामाचा संदर्भ लक्षात न घेता सामान्य कोशातील पहिला अर्थ उचलला, तर ‘करवतींचा संच’ असे चुकीचे भाषांतर होईल. कंपासपेटीतील ‘सेट स्क्वेअर’ला आपण ‘गुण्या’ म्हणतो, हेही शब्दशः अर्थ लावून कधीच सापडणार नाही. इंग्रजी-मराठी कोशांपैकी मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि कँडी यांनी पूर्ण करून १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेला कोश आजही उपयोगी आहे. त्यातील काही मराठी शब्द आता कमी ऐकू येतात, परंतु क्रियापदांच्या निवडीसाठी तो हाताशी ठेवावा.